घरापासून सहा मैलांवर, तरी परगावी: मिशनरी प्रशिक्षणाला गेलेल्या मुलाला काय लिहावे?

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली अकरा वर्षे अमेरिकेत युटा राज्यातल्या ओरेम या गावी राहतो. आमच्या शेजारचे कुटुंब मॉर्मन आहे. (त्यांचे चर्च २०१८ पासून 'मॉर्मन' हा शब्द टाळून 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरावे असे सांगते, येथील वाचकांना जुना शब्द ओळखीचा आहे, म्हणून मी तोच वापरते.) त्यांचा थोरला मुलगा सात वर्षांचा होता तेव्हापासून आमच्या घरी येतो. आम्ही भारतात गेलो की घरातल्या तुळशीला पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे असते.

यंदा तो अठरा वर्षांचा झाला आणि त्याला दोन वर्षांच्या मिशनसाठी, म्हणजे चर्चच्या पूर्णवेळ धर्मप्रचारासाठी, तैवानचे बोलावणे आले. पहिल्या आठवड्याचे धडे त्याने घरीच खोलीचे दार लावून संगणकावर घेतले. त्यानंतर आईवडिलांनी त्याला जवळच्या प्रोव्हो शहरातल्या चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन सोडले. तेथे निरोपाला फारसा वेळ मिळत नाही. गाडीतून बॅगा उतरवायच्या, मिठी मारायची, आणि आधीच दाखल झालेला एखादा मुलगा बॅग उचलून त्याला आत घेऊन जातो.

हे केंद्र आमच्या घरापासून सहा मैलांवर आहे. त्याची आई रोज कामाला जाताना त्याच रस्त्याने जाते, पण तिला आत जाऊन त्याला भेटण्याची मुभा नाही. आठवड्यातून एक दिवस तयारीचा असतो. त्या दिवशी कपडे धुणे, केस कापणे, ईमेल लिहिणे आणि घरी बोलणे एवढे करता येते. गेल्या खेपेला तो पडद्यावर दिसला तेव्हा, "मला हे जमत नाही," एवढे बोलून गप्प झाला. काल त्याची आई आमच्या स्वयंपाकघरात बसून मला म्हणाली, "तू बाविसाव्या वर्षी एकटी या देशात आलीस. तेव्हा तुला कशाने धीर आला, ते त्याला लिहिशील का?"

मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा लिहिलेले पुसले. अशा शिस्तीच्या, बंदिस्त प्रशिक्षणातून जे स्वतः गेले आहेत, किंवा ज्यांची मुले गेली आहेत, त्यांना मला विचारायचे आहे की पहिल्या महिन्यात नेमके काय उपयोगी पडते? धर्मप्रसार योग्य की अयोग्य, हा वाद कृपया येथे नको.

प्रयोगवही

अंगणवेलताई, मी प्रोव्होच्या विद्यापीठात पीएचडी करतो. मी या चर्चचा सदस्य नाही, परंतु माझ्या प्रयोगशाळेतला सहकारी त्याच केंद्रात संध्याकाळी चिनी भाषा शिकवतो. तेथील बहुतेक शिक्षक असेच असतात: स्वतः मिशन करून आलेले आणि आता शिकत असलेले विद्यार्थी. त्याच्याकडून जे ऐकले आहे ते सांगतो, कारण त्या मुलाचा दिवस कसा जातो हे कळल्याशिवाय त्याला काय लिहावे हे कळणार नाही.

सकाळी साडेसहाला उठायचे आणि रात्री साडेदहाला दिवे मालवायचे. मधल्या वेळात वर्ग, अभ्यास, जेवण, थोडा व्यायाम आणि पुन्हा वर्ग. आत गेल्यापासून पहिल्या नावाने कोणीही हाक मारत नाही. मुलगा असेल तर 'एल्डर' आणि मुलगी असेल तर 'सिस्टर', आणि पुढे आडनाव. चिनी वर्गात तर एल्डरला 'झांगलाओ' म्हणतात, म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. ज्याच्या आईने परवापर्यंत त्याचे मोजे उचलले, त्याला एका रात्रीत वडीलधारा म्हणू लागले की छातीवरच्या काळ्या नामफलकाचेही ओझे वाटते.

सर्वांत अवघड भाग भाषेचा असतो. स्पॅनिश शिकणाऱ्यांना साधारण सहा आठवडे मिळतात आणि चिनी, जपानी, कोरियन शिकणाऱ्यांना साधारण नऊ. मात्र पहिल्या काही दिवसांतच त्यांना त्या भाषेत धडा द्यायला उभे करतात. शिक्षकच एखाद्या अनोळखी माणसाची भूमिका घेतो, दारावर टकटक होते आणि हा मुलगा हातातल्या कागदावरची चार वाक्ये वाचू लागतो. समोरच्याने प्रश्न विचारला की सगळे संपते. माझा सहकारी सांगत होता की एकदा एक मुलगा 'थिएनफू', म्हणजे स्वर्गातील पिता, एवढा एकच शब्द चार वेगवेगळ्या सुरांत म्हणत राहिला, कारण चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो आणि 'फू' चढवायचा की उतरवायचा हे त्याला आठवेना. शाळेत जो हुशार होता, ज्याला न बोलता बसणे माहीत नव्हते, तो तेथे मुका होतो. "मला हे जमत नाही" या वाक्यामागे घरच्या आठवणीइतकीच ही गोष्ट असू शकते.

खडकवासल्याची_आई

माझा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीएत) गेला तेव्हा साडेसतरा वर्षांचा होता आणि आमचे घर पुण्यातच होते. त्यामुळे तुमच्या शेजारणीचा तो रस्ता मी पुरेपूर ओळखते. धरणाच्या बाजूला काही काम निघाले की मी लांबचा रस्ता धरत असे.

त्याच्या पहिल्या फोनला मी रडले ही माझी चूक झाली. पुढच्या फोनला तो मला धीर देत बसला आणि स्वतःचे काहीच बोलला नाही. ईमेलमध्ये 'तुझ्यावाचून घर सुने वाटते' असे लिहू नका, एवढे कळकळीने सांगते. घरातल्या साध्यासुध्या बातम्या लिहा. कुत्र्याला ताप होता, नळ गळत होता, तुळशीला मंजिरी आल्या. त्याला घर जागेवर आहे हे कळले की पुरते.

रोखठोक

ताईंनी वाद नको म्हटले आहे त्याचा मान राखतो, पण प्रश्नाला धरूनच एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. अठरा वर्षांच्या मुलाला आईशी आठवड्यातून एकदाच बोलू द्यायचे, स्वतःच्या नावाने हाक मारायची नाही, क्षणभरही एकटे सोडायचे नाही, आणि वर हे सर्व त्याने स्वखुशीने स्वीकारले आहे असे मानायचे, हे मला पटत नाही. ज्या गावात प्रत्येक घरातला मुलगा जातो, त्या गावात 'नाही' म्हणणे किती मुलांना शक्य असते? त्याला धीर देणारे पत्र लिहिण्यापूर्वी, त्याला खरोखर तेथे राहायचे आहे का, हे कोणीतरी विचारले पाहिजे. आपण सगळे मिळून त्याला आणखी थोडा ढकलतो आहोत, असे होऊ नये.

पर्णकुटी

मी या चर्चची सदस्य आहे. माझे माहेर पुण्याचे. मी २०१४ मध्ये मनिलाच्या प्रशिक्षण केंद्रात होते आणि नंतर अठरा महिने बेंगळुरू मिशनमध्ये सेवा केली. मुलांचे मिशन चोवीस महिन्यांचे आणि मुलींचे अठरा महिन्यांचे असते. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये वयाची अट मुलांसाठी एकोणीसवरून अठरा आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीस अशी खाली आली, म्हणूनच मला पदवीच्या आधी जाता आले. येथे या विषयावर कधी लिहावे लागेल असे वाटले नव्हते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

रोखठोक, तुमचा प्रश्न मला मुळीच उद्धट वाटला नाही. माझ्या वेळी तर घरी फोन वर्षातून दोनदाच करता येत असे, नाताळला आणि मातृदिनाला. आठवड्याला बोलण्याची मुभा २०१९ च्या फेब्रुवारीपासून मिळाली आणि ती फार आधी मिळायला हवी होती असे माझे मत आहे. गावाच्या दडपणाबद्दलही तुमचे म्हणणे खरे आहे. जो मुलगा लवकर परत येतो त्याच्याकडे काही लोक अपयशी म्हणून पाहतात, आणि ते चूक आहे. आता घरी राहून अन्नछत्रात किंवा मदतकेंद्रात काम करण्याचे सेवा मिशनही असते, आणि अनेक मुले त्या मार्गाने जातात. हे दार उघडे आहे, एवढे त्याच्या आईने त्याला एकदा शांतपणे सांगावे. दार उघडे आहे हे कळल्यावरच खोलीत बसवते, असा माझा अनुभव आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. मला घराची आठवण आली, चहाची आली (आम्ही चहा-कॉफी घेत नाही, पण आमच्या घरी आजीचा चहा उकळताना जो वास यायचा तो वेगळाच), परंतु सर्वांत जड गेला तो जोडीदाराचा सहवास. प्रत्येक मिशनरीला एक सहचारी दिलेला असतो. त्याला निवडता येत नाही, आणि त्याच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात सतत राहावे लागते. एका खोलीत झोपायचे, एकत्र जेवायचे, एकत्र गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करायची. मी चाळीत वाढलेली नाही. मला माझी स्वतंत्र खोली होती. माझी सहचारिणी फिजीची होती, अतिशय प्रेमळ, आणि जागी असेपर्यंत गात असे. सातव्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून दहा मिनिटे नुसती उभी राहिले, कारण एकटे असण्याची तेवढीच जागा उरली होती.

मला उपयोगी पडली ती आठवड्याची एक बैठक. नियोजन संपल्यावर दोघांनी समोरासमोर बसायचे, आधी एकमेकांचे काय आवडले ते सांगायचे आणि मग काय खुपते ते. मी पहिल्या बैठकीत 'सगळे छान आहे' असे खोटे सांगितले. दुसऱ्या बैठकीत खरे सांगितले, तेव्हा कळले की मी बोलत नाही म्हणून ती घाबरून गात होती. त्यानंतर दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास न बोलण्याचा करार आम्ही केला. ती समोरच बसलेली असे, पण तो अर्धा तास माझा असे.

हिमगौरी

पर्णकुटी, तो नळाचा प्रसंग वाचून मला माझे वसतिगृहातले पहिले वर्ष आठवले. मनापासून आभार.

पापडीकर

मी वसईचा, कॅथलिक. माझा धाकटा भाऊ सेमिनरीत गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आमच्याकडे धर्मगुरू होईपर्यंत अनेक वर्षांचे शिक्षण असते, त्यामुळे तुलना तंतोतंत जमणार नाही; त्या मुलाला काही आठवड्यांतच विमानात बसवून रस्त्यावर उभे करणार आहेत. पण एक गोष्ट सारखी असावी. भावाने पहिल्या सुट्टीत सांगितले होते की, "सगळ्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा पक्की दिसते, आणि माझ्याच मनात शंका येतात." पुढे तिसऱ्या वर्षी कळले की त्या तुकडीतल्या प्रत्येकाला असेच वाटत होते. धार्मिक प्रशिक्षणात घराची आठवण हीसुद्धा श्रद्धेची कमतरता वाटू लागते, आणि मग मुलगा दुहेरी ओझे वाहतो. आठवण येणे हे पाप नव्हे, एवढे वाक्य तुमच्या पत्रात असावे असे वाटते.

जुनी_कागदपत्रे

थोडे विषयांतर होईल, पण संबंध आहे. या चर्चचे प्रचारक महाराष्ट्रात येऊन गेले त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश गृहस्थ मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यालाही गेले. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध, अनोळखी भाषा आणि हाती पैसा नाही, अशा स्थितीत त्यांनी काम केले. चर्चची स्थापना १८३० ची, आणि त्या काळी प्रशिक्षण म्हणून काही नव्हतेच; बायकामुले मागे ठेवून माणसे निघत. सॉल्ट लेक सिटीत मिशनरींसाठी थोड्या दिवसांच्या तयारीचे घर उघडले ते १९२५ मध्ये, आणि परकीय भाषा शिकवण्याची पद्धतशीर सोय प्रोव्होला १९६१ मध्ये सुरू झाली. म्हणजे ज्या शिस्तीचा त्या मुलाला जाच होतो आहे, ती आधीच्या पिढ्यांच्या हालातून घडली आहे.

रोखठोक

जुनी_कागदपत्रे, माहिती मोलाची आहे, पण पूर्वीच्यांचे हाल अधिक होते हे ऐकून अठरा वर्षांच्या मुलाचे दुःख कमी होत नाही. माझ्या आजोबांनी मला तसेच सांगितले होते आणि मी त्यांना पत्र लिहिणे सोडले.

पर्णकुटीताई, तुम्ही उघड्या दाराबद्दल जे लिहिले ते मला पटले. माझा आक्षेप कायम आहे, पण त्या मुलासाठी हाच मार्ग योग्य वाटतो.

अंगणवेल

सर्वांचे उत्तर त्याच्या आईला भाषांतर करून वाचून दाखवले. पर्णकुटी, तुमचा नळाचा प्रसंग ऐकून ती म्हणाली, "तोही मला म्हणाला होता की आंघोळ लवकर संपते याचे वाईट वाटते." तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नव्हता.

तिने आणखी एक सांगितले. सहचाऱ्याने घरी असतानाच चिनीचा अभ्यास केला होता, त्यामुळे धडा देताना तोच बोलतो आणि आमचा मुलगा शेजारी बसून मान डोलावतो. सहचारी चांगला आहे, मदतीसाठीच पुढे होतो, पण दर धड्यानंतर याला वाटते की आपण नसतो तरी चालले असते. हे त्याने सहचाऱ्याला सांगितलेले नाही.

प्रयोगवही

ताई, हे कळले ते फार बरे झाले. मी नावगाव न सांगता सहकाऱ्याला विचारले. तो म्हणाला की प्रत्येक तुकडीत अशी एक तरी जोडी असते आणि शिक्षकाच्या ते लक्षातही येते, पण जोपर्यंत मुलगा स्वतः बोलत नाही तोपर्यंत शिक्षक मध्ये पडत नाही. त्याने सुचवले की मुलाने धड्यातला एक भाग मागून घ्यावा, सुरुवातीचा, आणि तो कागदाशिवाय म्हणावा. सुरुवात त्याची असली की पुढे तो गप्प राहिला तरी पाहुणा वाटत नाही.

तेथे मुले एकमेकांना एक गोष्ट हमखास सांगतात: पहिल्या रविवारपर्यंत पोहोच, म्हणजे पुढचे जमेल. रविवारी वर्ग नसतात, प्रार्थनासभा असते आणि दुपारी टेकडीच्या बाजूला फिरायला सोडतात. माझ्या सहकाऱ्याच्या भाषेत, तेथे दिवस आठवड्याएवढा वाटतो आणि आठवडा दिवसाएवढा. तुमच्या मुलाचा पहिला रविवार होऊन गेला आहे, पण दर आठवड्याला नवा रविवार धरून चालता येईल.

खडकवासल्याची_आई

पत्र लिहिले की कळवा. मी वाट पाहते आहे.

पर्णकुटी

एक भर घालते. २०१३ मध्ये चर्चने मिशनरींसाठीच एक पुस्तिका काढली. तिच्यात ताणाच्या चार पायऱ्या हिरव्या, पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांनी दाखवल्या आहेत. मला तिचा उपयोग असा झाला की 'मी वाईट मिशनरी आहे' असे म्हणण्याऐवजी 'आज मी पिवळ्यात आहे' असे म्हणता येऊ लागले. मात्र तो जेवत नसेल, झोपत नसेल, सारखा रडत असेल, तर ती केशरीची किंवा लालची खूण आहे. मग ईमेलवर विसंबू नका. त्याच्या आईने केंद्रात थेट फोन करावा. तेथे समुपदेशक असतात आणि त्यांना भेटण्यात काही कमीपणा नाही.

अंगणवेल

दहा दिवसांनी लिहीत आहे.

पर्णकुटी, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून त्याच्या आईने त्याला सरळ विचारले. झोप येते, जेवणही जाते, फक्त धड्याच्या आधी पोटात गोळा येतो, असे तो म्हणाला. तिने त्याला हेही सांगितले की परत यायचे असेल तर घराचे दार उघडे आहे आणि त्यासाठी त्याने कोणालाही कारण द्यायची गरज नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "आणखी तीन रविवार बघतो."

मी त्याला पत्र लिहिले. माझ्या पहिल्या नोकरीत मी पाच महिने बैठकीत एकही शब्द बोलले नव्हते. माझे इंग्रजी पुस्तकी होते आणि समोरचे हसले की ते कशाला हसले हे मला कळत नसे. मग एका सोमवारी मी ठरवले की बैठकीचे पहिले वाक्य आपण बोलायचे, मग ते 'बाहेर बर्फ पडतो आहे' एवढे का असेना. आदल्या रात्री आरशासमोर ते वाक्य वीस वेळा म्हटले. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले होते, तरी मी तेच वाक्य बोलले. कोणीही हसले नाही; शेजारच्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुवारी पडेल म्हणतात." ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितली नव्हती. ती त्याला सांगितली, आणि खाली लिहिले की घराची आठवण येणे हे पाप नव्हे, तुळशीला मंजिरी आल्या आहेत, आणि धड्याची सुरुवात तू मागून घे.

काल त्याचे उत्तर आले. त्याने बैठकीत सहचाऱ्याला सांगितले. सहचारी म्हणाला की शांतता झाली की आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण बोलत सुटतो. आता सुरुवातीची प्रार्थना आणि पहिली ओळख आमच्या मुलाकडे असते, कागदाशिवाय. मंगळवारी ती झाल्यावर शिक्षिकेने त्याच्याकडे पाहून 'वेइशन्मा?' असे विचारले. 'वेइशन्मा' म्हणजे 'का'. तो लिहितो की तो शब्द त्याने मनात इंग्रजीत आणला नाही, त्याला तो नुसताच कळला. उत्तर मात्र त्याला चिनीत नीट देता आले नाही; तो दोन वाक्ये चुकत बोलला, आणि सहचारी तोवर थांबला.

पत्राच्या शेवटी त्याने मला विचारले आहे की मराठीत 'का'ला काय म्हणतात.

खडकवासल्याची_आई

त्याला कळवा की 'का'च म्हणतात, आणि उच्चारायला सुराची अडचण नाही.